"आजी, बसा हो, मी देते!"

ओळखीच्या एका आजींना भेटायला वृद्धाश्रमात गेलो होतो. चार वाजता चहा आला. आजींनी खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले, पुढे वाकल्या, आणि उठणार तोच मावशी धावत आल्या. "आजी, बसा हो, मी देते!" खांद्याला धरून बसवलं, कप हातात दिला. मी निघेपर्यंत आजी काही उठल्या नाहीत.

मावशींना दोष देववत नाही. आजी पडल्या तर बोलणी त्यांनाच खावी लागतात. शिवाय एकेकीने उठून चहा घ्यायचा म्हटलं तर रात्रीच्या जेवणाची वेळ होईल. पण खुर्चीतून उठणं हाच त्या वयातला सगळ्यात मोलाचा व्यायाम आहे, आणि मायेपोटी आपण नेमका तोच काढून घेतो.

वापर थांबला की म्हातारपणी स्नायू फार भराभर झिजतात. 2007 साली अमेरिकेत सरासरी 67 वर्षांच्या धडधाकट मंडळींना 10 दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं, तर पायांचं जवळपास एक किलो मांस उतरलं. आजारपण नाही, काही नाही, नुसतं पडून राहणं!

गेलेलं परत येतं का? 1990 मध्ये बोस्टनच्या एका वृद्ध-शुश्रूषालयात वृद्धरोगतज्ज्ञ मारिया फियाटारोन यांनी 86 ते 96 वर्षांच्या दहा रहिवाशांकडून चक्क वजनं उचलून घेतली. खुर्चीत बसून, पायाला भार लावून गुडघा सरळ करायचा, आठवड्यातून तीनदा. तेही हलकंफुलकं नाही, तर एका दमात जेवढं उचलता येईल त्याच्या 80 टक्के. जे आधी सरासरी 8 किलो उचलत होते, ते आठ आठवड्यांनी 20 किलोंच्या वर गेले. दोघांनी काठी सोडली.

या प्रयोगातला एक आकडा मला फार आवडतो. ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, पण मांडीचा स्नायू वाढला जेमतेम 9 टक्के. मग बाकीची ताकद आली कुठून? मुख्यतः मज्जासंस्थेकडून. वर्षानुवर्षं न हलवलेल्या स्नायूतले कितीतरी तंतू मेंदू कामालाच लावत नाही. सराव सुरू झाला की त्यांना पुन्हा बोलावणं जातं. माणसं घरात होतीच, हाक मारणारं कोणी नव्हतं. म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच फरक दिसतो.

चार वर्षांनी फियाटारोन यांनीच शंभर जणांवर मोठा प्रयोग केला. त्यात काहींना नुसतं पोषक पेय दिलं, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. नुसत्या पेयाने ताकद वाढली नाही. दर भेटीला प्रोटीन पावडरचा डबा नेणाऱ्या मुला-सुनांनी हे ध्यानात ठेवावं. व्यायाम करणारे मात्र जिना चढण्यात सुधारले आणि एरवीही जास्त हिंडूफिरू लागले.

तरीही आश्रमांत हालचाल कमीच. याचं एक कारण जर्मन मानसशास्त्रज्ञ मार्ग्रेट बाल्टेस यांनी तासन्‌तास निरीक्षणं करून टिपलं: रहिवाशाने मदत मागितली की कर्मचारी लगेच जवळ येतात, बोलतात; स्वतःचं स्वतः केलं तर कोणी फिरकत नाही. दिवसभर बोलायला माणूस नसलेली आजी यातून काय शिकेल? बटण लावता येत असूनही ती हात पुढे करते, कारण बटणाबरोबर दोन शब्द मिळतात.

म्हणून आठवड्यातून एकदा योगशिक्षक बोलावून भागत नाही. आधी खुर्ची बघावी: बुटकी, बिनहातांची प्लास्टिकची खुर्ची म्हणजे सापळा. मग चपला बघाव्यात: सैल सपाता नकोत. उभं राहताच चक्कर येत असेल तर रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं. पालेभाजी निवडायला देणं छानच, पण त्यात पाय बसूनच राहतात. देवाला फुलं काढून आणणं त्याहून बरं. आणि खंड नको. बोस्टनच्या मंडळींनी सराव सोडल्यावर चारच आठवड्यांत ताकद 32 टक्क्यांनी घटली होती.

मावशींना यातलं थोडं सांगितलं. त्या हसल्या. "खरंय, पण तोवर चहा गार होतो ना." परवा गेलो तेव्हा आजींचा कप समोरच्या टेबलावर, तीन पावलांवर होता. मावशी शेजारी उभ्या, हात तयार, पण न लावता. आजी दुसऱ्या प्रयत्नात उठल्या. चहा कोमट झाला होता.