तापलेलं एक्सल पाणी पितं

तासभर चढउतारावर दामटलेली एटीव्ही, म्हणजे रानवाटांवर चालणारी जाड टायरची चारचाकी, ओढ्याशी येते आणि थेट पाण्यात शिरते. मागचा एक्सल, म्हणजे चाकांना जोडणारा दांडा, बुडतो, गाडी पलीकडे निघते, चालवणाऱ्याला काही जाणवतही नाही. पण तेवढ्या वेळात एक्सलला सहज फिरू देणाऱ्या बेअरिंगनं पाण्याचा एक घोट घेतलेला असू शकतो. घोट हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण पाणी इथं बऱ्याचदा बाहेरून घुसत नाही, आतून ओढलं जातं.

स्पोर्ट प्रकारच्या बहुतेक एटीव्हींना मागे एकच सलग, भरीव एक्सल असतो. दोन्ही चाकं त्याला घट्ट बसवलेली, मधे चेनचं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट, आणि बऱ्याच गाड्यांत ब्रेकची डिस्कही त्याच्यावरच. हा एक्सल ज्या नळकांड्यातून जातो त्या हाउसिंगमध्ये दोन बॉल बेअरिंग असतात आणि दोन्ही तोंडांना ऑइल सील, म्हणजे ओठासारखी कड एक्सलला टेकलेल्या रबरी कड्या. ब्रेकची धग आणि फिरण्याची ऊब मिळून हाउसिंग तापतं, आतली हवाही तापते, प्रसरण पावते आणि थोडी सीलच्या कडेनं निसटून जाते. मग अचानक गार पाणी. समजा आतली हवा ६० अंशांवरून २० अंशांवर आली, तर ती जवळपास १२ टक्के आकसते. ही रिकामी झालेली जागा भरून काढायला सीलच्या ओठाखालून जे मिळेल ते आत खेचलं जातं. बाहेर पाणी आणि चिखल असेल, तर आत येतं तेही तेच.

पुढचं नुकसान समजायला बेअरिंगच्या आत डोकवायला हवं. पोलादी गोळी आणि ती जिच्यावरून धावते ती कडी, म्हणजे रेस, एकमेकांना टेकतात ती जागा टाचणीच्या डोक्याहून मोठी नसते. गाडी आपटली की तिथला दाब हवेच्या दाबाच्या दहा हजार पटींहूनही वर जातो. एवढ्या दाबाखाली तेल क्षणभर इतकं दाट होतं की ते जवळजवळ घन पदार्थासारखं वागतं आणि धातूला धातू लागू देत नाही. तेलाच्या या थराची जाडी साधारण एका मायक्रॉनच्याही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही) आत. आपला केस सुमारे ७० मायक्रॉनचा. पाण्याला हे दाट होणं जमत नाही. शिवाय बेअरिंगच्या पोलादात क्रोमियम असतं जेमतेम दीड टक्का. गंज रोखायला ते किमान साडेदहा टक्के लागतं. गाडी आठवडाभर उभी राहिली की गोळी टेकलेल्या जागी गंजाचा ठिपका पडतो, ठिपक्याचा खड्डा होतो. नंतर प्रत्येक गोळी त्या खड्ड्यावरून जाताना त्याची कड थोडी थोडी तोडते, आणि तुटलेले कण उरलेलं बेअरिंग खरवडतात.

ग्रीस म्हणजे तेल भरलेला स्पंज. त्यात ८० ते ९० टक्के तेलच असतं. लिथियम किंवा कॅल्शियमच्या साबणाच्या सूक्ष्म तंतूंनी ते धरून ठेवलेलं असतं आणि लागेल तसं थोडं थोडं सुटतं. बेअरिंगमधल्या मोकळ्या जागेच्या तिसऱ्या भागापासून निम्म्यापर्यंतच ग्रीस भरा, असं सहसा सांगतात. वेगानं फिरणाऱ्या मोटरसाठी ते बरोबर आहे, कारण जास्त ग्रीस घुसळलं जाऊन तापतं. एटीव्हीचा हिशेब मात्र वेगळा. टायरचा व्यास ५० सेंटीमीटर धरला तर ताशी ५० किलोमीटरच्या वेगाला एक्सल मिनिटाला जेमतेम ५३० फेरे घेतो. इतक्या कमी वेगाला घुसळण्याची भीती फारशी नाही. म्हणून इथं सढळ हातानं भरावं असं माझं ठाम मत आहे. ग्रीस जिथं बसलंय तिथं हवा नाही, आणि आकसायला हवाच नसेल तर पाणी ओढणार कोण?

एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे. हाउसिंगवर ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस आत ढकलायचं छोटं तोंड, असलं की ग्रीसची गन लावली, चार दट्टे दिले, काम झालं असं वाटतं. पण आतली बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबरी सीलची असतील, तर हे ग्रीस गोळ्यांपर्यंत पोचतच नाही. ते दोन बेअरिंगच्या मधली पोकळी भरतं. तेही मोलाचं आहे, कारण हवेची मोठी कोठी तीच. पण गोळ्यांना वंगण मिळायला हवं असेल, तर बसवण्याआधी प्रत्येक बेअरिंगचं आतल्या बाजूचं सील पातळ पात्यानं हलकेच उचकटून काढून टाकावं लागतं. बाहेरचं सील काढायचं नाही. निपलच नसेल तर दोन्ही सील उचलावीत, बोटानं ग्रीस दाबून भरावं आणि सील पुन्हा बसवावीत. नव्या बेअरिंगचं सील उचलून पाहिलंत तर कंपनीनं भरलेलं ग्रीस अपेक्षेपेक्षा बरंच कमी दिसेल.

ग्रीस पाण्याला टिकणारं, एनएलजीआय २ दाटपणाचं (ग्रीसच्या घट्टपणाच्या मापावर २ क्रमांकाचं) घ्यावं. कॅल्शियम सल्फोनेटचं ग्रीस पाण्यात फार चांगलं तग धरतं. आधीचं कोणतं होतं माहीत नसेल तर सगळं पुसून काढून नवं भरा. लिथियम आणि पॉलियुरियासारखी न जुळणारी ग्रीस एकत्र आली की मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकतं.

बेअरिंग गेलंय का हे हाताला कळतं. मागची चाकं अधांतरी उचला, गाडी नीट टेकवा, टायर वरून आणि खालून धरून आलटून पालटून ढकला. टकटक जाणवली तर बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय. मग चेन उतरवून एक्सल सावकाश फिरवा. वाळूवरून फिरल्यासारखी खरखर आली की ग्रीस भरून उपयोग नाही, बेअरिंग बदलायलाच हवं. नवं बसवताना ठोकायचं ते फक्त बाहेरच्या रेसवर. आतल्या रेसवर हातोडा पडला की धक्का गोळ्यांतून जातो आणि नव्याकोऱ्या रेसवर खळगे उमटतात. त्यापेक्षा बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. ६२ मिलिमीटरचं बेअरिंग त्यानं सुमारे ०.०३ मिलिमीटर आकसतं. अॅल्युमिनियमचं हाउसिंग ८० अंशांनी तापवलं तर त्याचं भोक ०.११ मिलिमीटरनं मोठं होतं. दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर, म्हणजे त्यांच्यात अंतर राखणारा तुकडा, विसरू नका. तो नसेल तर एक्सलचे नट आवळल्यावर गोळ्या आडव्या दाबाखाली चिरडतात.

गाडी धुताना तीच काळजी. आल्या आल्या तापलेल्या हाउसिंगवर पाणी मारू नका, आणि प्रेशर वॉशरची धार सीलच्या ओठावर कधीच धरू नका. पाण्यातून आलेल्या गाडीला ग्रीस त्याच संध्याकाळी द्यावं. निपल आधी फडक्यानं पुसा, नाहीतर त्यावरची माती गनच थेट आत ढकलेल. दट्टे सावकाश द्या. घाई केली तर दाबानं सीलच बाहेर येतं. मधून मधून चाक फिरवत राहा. सुरुवातीला सीलच्या कडेनं राखाडी, दुधाळ राड बाहेर येईल. ते दुधाळपण म्हणजे ग्रीसमध्ये मिसळलेलं ओढ्याचं पाणी. ग्रीस आपल्या मूळ रंगात दिसू लागेपर्यंत दट्टे देत राहा.