‘दिसत नाही, म्हणून विषाणू’: एका व्याख्येची पार्श्वभूमी

शाळेच्या पुस्तकापासून स्पर्धा परीक्षांच्या टिपणांपर्यंत एक वाक्य हमखास भेटतं: जिवाणू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतात, विषाणू पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो. ढोबळमानाने ते चालतं. पण हे वाक्य विषाणूपेक्षा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या टेबलावर काय होतं, त्याबद्दलच जास्त सांगतं.

आधी ‘साधा’ या शब्दाचं. काटेकोरपणे साधा म्हणजे एकाच भिंगाचा, आणि 1676 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या एका कापडव्यापाऱ्याने तशाच एकभिंगी उपकरणातून जिवाणू पाहिले होते. वरच्या वाक्यात मात्र ‘प्रकाशावर चालणारा’ एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. प्रकाशाची मर्यादा 1873 मध्ये जर्मनीतल्या येना इथे मांडली गेली: साधारण 0.2 मायक्रोमीटरहून (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसणार नाहीत, भिंग कितीही घासा. वर्धन वाढवलं तर ठिपका मोठा होतो, त्याच्या आतलं काही उलगडत नाही.

खरा गुंता पुढचा. 1892 आणि 1898 मध्ये तंबाखूच्या पानांवरच्या रोगाचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला गेला. जिवाणू अडकवणाऱ्या त्या गाळणीतून रस पार झाला आणि तरीही निरोगी रोपांना रोग लागला. त्यातून विषाणूची ओळख तीन नकारांवर उभी राहिली: गाळणीत अडकत नाही, सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, पोषक माध्यमात वाढत नाही. विषाणू काय आहे, हे त्यात कुठेच नव्हतं. परिणामी डोळ्यांच्या खुपरी रोगाचा क्लॅमिडिया हा पेशीच्या आतच वाढणारा जिवाणू 1960 च्या दशकापर्यंत ‘मोठा विषाणू’ म्हणवला गेला. उलट बाजूने, 1886 मध्ये एडिंबरोत देवीच्या लशीतले कण रंगवून प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले गेले होते. देवीच्या गटातले विषाणू 0.2 ते 0.35 मायक्रोमीटरचे, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावरचे. पाहणाऱ्याला ते कुठल्याशा जंतूचे बीजाणू वाटले.

1930 च्या दशकात बर्लिनमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तयार झाला. 1939 मध्ये तंबाखूच्या विषाणूच्या काड्या दिसल्या: 300 नॅनोमीटर लांब, 18 नॅनोमीटर जाड (हजार नॅनोमीटर म्हणजे एक मायक्रोमीटर). तेव्हाच व्याख्येतून ‘दिसत नाही’ काढून टाकायला हवं होतं. ते राहिलं, फक्त पुढे ‘प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून’ जोडलं गेलं. माझ्या मते सगळी चूक या जोडकामात आहे.

ती कशी भोवली, ते 1992 ची गोष्ट सांगते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला न्यूमोनियाच्या साथीचा माग काढताना कूलिंग टॉवरच्या पाण्यातला अमीबा तपासला गेला. ग्रॅम रंजनानंतर, म्हणजे जिवाणू रंगवून ओळखण्याच्या नेहमीच्या पद्धतीनंतर, त्याच्या आत जांभळे गोल ठिपके स्वच्छ दिसत होते. दिसतात, म्हणजे जिवाणू. तसं नावही पडलं. मग प्रत्येक जिवाणूत असणारा रायबोसोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा, जनुक शोधला. तो काही केल्या सापडेना. तरीही ‘हा जिवाणू नसेलच’ हा प्रश्न अनेक वर्षं कुणी विचारला नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वीस बाजूंचं कवच दिसलं आणि 2003 मध्ये जाहीर झालं, की हा विषाणू आहे. बाहेरच्या तंतूंसकट व्यास सुमारे 0.75 मायक्रोमीटर. सूक्ष्मजंतूची नक्कल करणारा म्हणून नाव मिमीव्हायरस.

पुढे 2014 मध्ये सैबेरियाच्या गोठलेल्या मातीतून दीड मायक्रोमीटर लांबीचा विषाणू निघाला, कित्येक जिवाणूंपेक्षा मोठा. आता विषाणू ओळखायचा तो मापावरून नव्हे, त्याच्याकडे स्वतःचे रायबोसोम नसतात यावरून. मार्च 2020 मध्ये पुण्यातून करोना विषाणूचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेलं जे छायाचित्र प्रसिद्ध झालं, त्यातला कण 75 नॅनोमीटरचा होता. तोही विषाणूच, सैबेरियातल्याच्या विसाव्या हिश्शाएवढा.

असे महाकाय विषाणू शोधायला सैबेरियालाच जावं लागतं असंही नाही. 2019 मध्ये मुंबईतलं सांडपाणी, तलाव आणि नळाचं पाणी तपासलं, तेव्हा तिथेही त्यांच्या खुणा सापडल्या. त्यांपैकी दोघांची नावं मुंबईकराला लगेच कळतील: पवई लेक मेगाव्हायरस आणि कुर्लाव्हायरस.