देशी डॉगवूड अंगणातून का मागे पडला?

न्यू जर्सी, व्हर्जिनिया किंवा नॉर्थ कॅरोलायनात जुनं घर घेतलं, तर अंगणातला डॉगवूड, म्हणजे फुलांसाठी लावलेलं झाड, बहुधा देशी, म्हणजे मूळचा अमेरिकेतलाच असतो, शास्त्रीय नाव कॉर्नस फ्लोरिडा. तो वाळला आणि नर्सरीत विचारलं, की पुष्कळदा पूर्व आशियातला कूसा डॉगवूड किंवा संकरित रोप पुढे केलं जातं. हा बदल जेमतेम पन्नास वर्षांतला आहे.

त्याआधी या झाडाबद्दल कुणाला फारशी काळजी नव्हती. ओकच्या सावलीत आपोआप वाढणारं, अठराव्या शतकापासून बागांत लावलेलं झाड. टणक लाकडाचे मागाचे धोटे होत. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेत हिवतापावरचं क्विनाइन मिळेना, तेव्हा त्याऐवजी या झाडाची सालही वापरली गेली. 1915 मध्ये जपानने दिलेल्या चेरीच्या झाडांची परतभेट म्हणून जपानला हीच रोपं गेली.

1970 च्या दशकाच्या अखेरीस अँथ्रॅक्नोज हा बुरशीचा रोग आला. ही बुरशी बाहेरून आली असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. पानांवर जांभळ्या कडेचे डाग पडतात, खालच्या फांद्या आधी वाळतात, मग रोग खोडात उतरतो. अ‍ॅपलाचियन डोंगरांतल्या थंड, दमट सावलीत झाडं मोठ्या संख्येने मेली.

घरमालकांना मिळणारा सल्ला इथेच बदलला, आणि वादही इथलाच आहे. कूसा या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही, म्हणून देशी झाडाऐवजी तोच लावा, असं सर्रास सांगितलं जाऊ लागलं. न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठाने दोन्हींचे संकर तयार केले; तेही जोमदार निघाले. नर्सरीवाल्यांची अडचण समजण्यासारखी आहे: मरणारं झाड कोण विकणार? पण जंगलातली परिस्थिती अंगणाला जशीच्या तशी लावली गेली. पानं लवकर सुकतील अशा मोकळ्या, हवेशीर जागी हाच रोग खूप सौम्य राहतो. शिवाय देशी झाडाची लाल फळं शरदात स्थलांतर करणारे पक्षी आवडीने खातात. कूसाची फळं मोठी, इथल्या पक्ष्यांच्या फारशी उपयोगाची नाहीत. ते संकर तर बहुतांशी वांझ, त्यांना फळं धरतच नाहीत. फुलोरा राखला गेला, पण पक्ष्यांचा घास गेला. हा तोटा तेव्हा पुरेसा मोजला गेला नाही, असं मला ठामपणे वाटतं.

1990 च्या दशकाच्या मध्यात भुरी आली. द्राक्षबागायतदारांना परिचित असते तशीच पांढरी पूड पानांवर बसते आणि कोवळी रोपं खुरटतात. देशी झाडावर आणखी एक ठपका आला. मात्र तोवर निवड पद्धतीचं कामही सुरू झालं होतं. मेरीलँडच्या डोंगरात रोगातून तगलेल्या एका देशी झाडापासून 'अ‍ॅपलाचियन स्प्रिंग' ही जात आली. पुढे टेनेसीतून भुरीला तोंड देणाऱ्या 'अ‍ॅपलाचियन जॉय'सारख्या जाती निघाल्या.

आज लागवडीचा सल्लाही पूर्वीसारखा सरसकट सावलीचा नाही: सकाळचं ऊन, दुपारी थोडी सावली, आम्लधर्मी आणि निचऱ्याची माती, कोरड्या उन्हाळ्यात मुळाशी पाणी. पाणी पानांवर उडवायचं नाही. आच्छादन खोडापासून थोडं लांब ठेवायचं, आणि गवत कापायचं यंत्र त्याहून लांब, कारण सालीला झालेल्या जखमेतून खोडकिडा आत शिरतो. एवढं सांभाळण्याची तयारी असेल, तर नर्सरीत कूसा पुढे केला तरी देशी जात नावानिशी मागावी.