इन्सुलिन सुरू झालंय? आधी जुनी स्ट्रिप दाखवा

इन्सुलिनची चिठ्ठी घेऊन आमच्या औषधाच्या दुकानात आलेले बहुतेक जण पेन घेतात, सुया घेतात आणि निघता निघता म्हणतात, "नेहमीच्या गोळ्याही द्या." आम्ही तिथेच अडवतो. नेहमीच्या म्हणजे कोणत्या? इन्सुलिन लिहिलं एका डॉक्टरांनी आणि गोळ्या तीन वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी, असं सर्रास होतं.

स्ट्रिपमागची बारीक छपाई वाचा. पायोग्लिटाझोन दिसतंय का? ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधांच्या जोडीला तिसरं औषध म्हणून ते पुष्कळ गोळ्यांत असतं. ते अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि इन्सुलिनही थोडंफार तेच करतं. चाचण्यांत नुसत्या इन्सुलिनवर शंभरात 7 जणांना सूज आली, दोन्ही घेणाऱ्यांत 15 जणांना. हृदय आधीच कमजोर असेल तर हे जादा पाणी त्याला झेपत नाही. 2013 च्या जूनमध्ये केंद्र सरकारने या औषधाची विक्री थांबवली होती. जुलैअखेर ठळक इशारा छापण्याच्या अटीवर ती पुन्हा सुरू झाली. त्याचं भावंड रोझिग्लिटाझोन मात्र 2010 मध्ये बंद झालं.

म्हणून पायोग्लिटाझोन विष आहे असं समजू नका. पक्षाघात होऊन गेलेल्या, पण मधुमेह नसलेल्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास 2016 मध्ये आला. त्यात याच गोळीने पुन्हा पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येण्याचं प्रमाण कमी झालं. कुणाला चालेल, कुणाला नाही, हे डॉक्टरच सांगतील. तुम्ही फक्त पायांकडे लक्ष ठेवा. सैल होणारी कोल्हापुरी संध्याकाळी रुतायला लागली, नडगीवर अंगठा दाबल्यावर खड्डा तसाच राहिला, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आडवं झाल्यावर दम लागत असेल तर थेट दवाखाना गाठा.

दुसरा धोका साखर उतरण्याचा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड या साखर उतरवणाऱ्या गोळ्या आणि वर इन्सुलिन, त्यात चतुर्थीचा उपास! साखर 70 च्या खाली गेली की हृदयावर ताण येतो, ठोके बिघडू शकतात. दहा हजारांहून जास्त रुग्णांच्या एका अमेरिकन अभ्यासात साखर फार कडक आवळलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून 2008 मध्ये तो उपचार थांबवावा लागला. उपासाच्या आदल्या दिवशीच डोस विचारून घ्या. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड कळत नाही. घाम फुटतो, तीच खूण. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. गोळीत व्होग्लिबोज (साखरेचं पचन लांबवणारं औषध) असेल तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोज पावडरच हवी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर 108 ला फोन करा. साखर उतरल्यावरही असंच दिसू शकतं, म्हणून गाडी येईपर्यंत बोट टोचून साखर बघा. पक्षाघातच असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं.

हे वाचून घाबरून इन्सुलिन किंवा गोळी आपल्या मनाने बंद करू नका. घरातली सगळी औषधं पिशवीत घालून दुकानात आणा, बीपीची आणि आयुर्वेदिकसुद्धा. आम्ही यादी करून देऊ, ती डॉक्टरांना दाखवा. गोळ्या सुट्या डबीत नकोत, स्ट्रिपसकट आणा. सुटी पांढरी गोळी आम्हालाही ओळखता येत नाही.