कॅनव्हासवरची रेघ, खोक्यातला आवाज

गोंधळात तुणतुणं वाजतं तेव्हा छेडली जाते तार, पण घुमतं ते तळाचं चामडं. वणीच्या गडावर हे जवळून पाहिलेल्या नाशिककराला इटलीच्या लुइजी रुसोलोची (१८८५–१९४७) वाद्यं निम्मी कळलीच म्हणायची.

रुसोलो मुळात चित्रकार. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, भाऊही संगीतातले. हा रंगांकडे वळला. १९११ च्या 'संगीत' या चित्रात त्याने पियानोवादकाला बरेच हात दिलेत आणि त्याच्यापासून एक निळी पट्टी वळणं घेत वर चढवलीय. पुढचं सगळं त्या पट्टीतच होतं, असं आमचं मत.

११ मार्च १९१३ च्या जाहीरनाम्यात त्याने यंत्रांचा, गर्दीचा गोंगाट संगीतात मागितला. भांडीबाजारातली ठोकाठोक कानात मुरलेल्याला यात वावगं वाटणार नाही. मिलानच्या श्रोत्यांना वाटलं. २१ एप्रिल १९१४ ला त्याच्या वाद्यांच्या कार्यक्रमात हाणामारीच झाली.

हा गोंगाट काढायला त्याने केलेलं वाद्य म्हणजे पुढे कर्णा असलेलं लाकडी खोकं. हँडल फिरवलं की आतलं चाक तारेवर घासतं, तारेचं टोक चामड्याला बांधलेलं असतं, आणि वरचा दांडा सरकवला की सूर चढतो-उतरतो. चौंडक्यात तार ओढून सूर हलवतात, तसंच. असं खोकं इथे करायचं तर चाक अगदी गोल हवं, नाहीतर दर फेऱ्याला आवाज हेलकावे खातो. कडेला राळ नसेल तर ते तारेवरून नुसतं घसरतं. जास्त दाबलं तर तार झिजून तुटते. पावसाळ्यात चामडं सैल पडून सूर खाली बसतो. संबळवाले शेकतात तसं शेकायचं, दुसरा इलाज नाही.

असा सरकता सूर लिहायचा कसा? आपल्या भातखंडे स्वरलिपीत मिंडेसाठी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकण्यासाठी, स्वरांवर कमान काढतात. दोन टोकं कळतात, मधली वाट गुरूच्या गळ्यातून घ्यायची. रुसोलोने पाश्चात्त्य स्वरलिपीतली सुरांची टिंबं काढून टाकून रेघच ओढली: आडवी म्हणजे स्थिर सूर, तिरकी म्हणजे सरकता. हे चित्रकारालाच सुचावं.

१९१७ मध्ये युद्धात डोक्याला जबर इजा झाली. तरी पुढे त्याने अनेक आवाज एकाच पेटीत बसवले. शेवटची वर्षं पुन्हा चित्रांत गेली. मूळ वाद्यांपैकी आज एकही शिल्लक नाही. 'शहराची जाग' या रचनेच्या सुरुवातीच्या रेघा तेवढ्या छापील उरल्यात.