जुन्या पिनबॉल यंत्राच्या रंगीत फळीचे काम : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे माहितीपत्रक आमच्या पुण्यातील कार्यशाळेत जुने पिनबॉल यंत्र दुरुस्तीसाठी आणू इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी तयार केले आहे. कॉइल (यंत्रातील भाग हलवणारी तारेची विद्युत गुंडाळी), स्विच, दिवे आणि वायरिंग यांची कामेही आम्ही करतो. परंतु येथे केवळ काचेखालच्या, चेंडू ज्यावर धावतो त्या रंगीत फळीचा, म्हणजे प्लेफील्डचा, विचार केला आहे, कारण जळालेली कॉइल नवी मिळते, पण फळीवरून एकदा गेलेला मूळ रंग कोठेही विकत मिळत नाही. आमच्या कामाची पद्धत त्यावरूनच ठरली आहे : जेवढा मूळ रंग शिल्लक आहे तेवढा राखायचा आणि जेथे लाकूड उघडे पडले आहे तेवढ्याच जागी नवा रंग भरायचा. फळी कोरी करकरीत दिसावी अशी अपेक्षा असल्यास त्याचाही मार्ग आहे व तो पुढे सांगितला आहे. मात्र तो आम्ही आपणहून सुचवत नाही.

फळी कशी असते आणि ती कशामुळे झिजते

आपल्याकडे येणारी बहुतेक जुनी यंत्रे गॉटलिब, विल्यम्स किंवा बॅली या शिकागोच्या कारखान्यांची असतात. त्यांची फळी मेपलच्या प्लायवूडची, सुमारे अर्धा इंच जाडीची आणि वीस-सव्वावीस इंच रुंदीची असते. तिच्यावर सिल्क-स्क्रीन पद्धतीने, म्हणजे प्रत्येक रंग स्वतंत्र जाळीतून दाबून, चित्र छापलेले असते, आणि छपाईवर संरक्षणासाठी लॅकरचा पातळ थर दिलेला असतो. १९९० च्या सुमारास कारखान्यांनी लॅकरऐवजी बरेच कठीण असे पॉलियुरेथेनचे आवरण वापरण्यास सुरुवात केली. त्यामुळे त्यानंतरच्या यंत्रांच्या फळ्या तुलनेने चांगल्या अवस्थेत आढळतात आणि त्यांचे काम बहुधा सफाईवर भागते. या पत्रकातील बाकीचा मजकूर मुख्यतः त्यापूर्वीच्या यंत्रांना लागू आहे.

फळीवर धावणारा पोलादी चेंडू सुमारे २७ मिलिमीटर व्यासाचा आणि ८० ग्रॅम वजनाचा असतो. नवा, गुळगुळीत चेंडू फळीचे फारसे नुकसान करीत नाही. वर्षानुवर्षे न बदललेल्या चेंडूवर मात्र बारीक खड्डे पडतात व गंज धरतो, आणि असा चेंडू प्रत्येक फेरीत लॅकर थोडे थोडे खरवडत जातो. त्यात धातूचा भुगा, कॉइलजवळ तयार होणारी काळी पूड आणि रबर रिंगांची घाण मिसळली की चेंडूच्या नेहमीच्या वाटांवर काळपट पट्टे उमटतात. आधी लॅकर जाते, मग रंग जातो आणि शेवटी उघड्या पडलेल्या लाकडाच्या तंतूंत घाण शिरून ते राखाडी होते. १९४७ साली गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात प्रथमच फ्लिपर, म्हणजे खेळाडूने बटण दाबताच चेंडू वर टोलवणारे दांडे, आले. तेव्हापासून चेंडू खाली पडेपर्यंत नुसता घरंगळत राहिला नाही, तो पुन्हा पुन्हा वर फेकला जाऊ लागला. म्हणूनच फ्लिपरच्या पुढची जागा, पॉप बंपरच्या, म्हणजे चेंडू लागताच त्याला दूर उडवणाऱ्या गोल टोपीच्या खांबांच्या, भोवतालची वर्तुळे आणि चेंडू ज्या भोकांतून बाहेर फेकला जातो त्यांच्या समोरचा भाग या ठिकाणी झीज सर्वांत अधिक दिसते.

दुसरे कारण हवेचे आहे आणि ते पुण्यात विशेष जाणवते. एप्रिल-मे महिन्यांतील कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि जुलैच्या पावसात ओलावा घेऊन फुगते. लॅकर मात्र जुने झाल्यावर कडक व ठिसूळ होते आणि लाकडाबरोबर हलू शकत नाही. परिणामी लाकडाच्या रेषांच्या दिशेने लॅकरला लांबच लांब बारीक चिरा पडतात आणि त्या चिरांत काळी घाण बसते. या चिरा पूर्णपणे घालवता येतात असे आपल्याला कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. त्यांतील घाण बऱ्याच अंशी काढता येते, चिरा स्थिर करता येतात. परंतु वरचा रंग न काढता त्या नाहीशा करता येत नाहीत.

तिसरी बाब इन्सर्टची, म्हणजे फळीत बसवलेल्या आणि खालून दिव्याने उजळणाऱ्या रंगीत प्लॅस्टिकच्या तुकड्यांची. जुना गोंद सुटल्यामुळे आणि दिव्याच्या उष्णतेमुळे हे तुकडे खाली दबतात, वर येतात किंवा मध्यभागी वाटीसारखे खोलगट होतात. इन्सर्टची कड फळीच्या पातळीशी जुळत नसली की धावणारा चेंडू तेथे उडतो आणि कडेचा रंग सर्वांत आधी गळतो. आपल्या यंत्रात ४४ क्रमांकाचे दिवे असतील तर त्यांऐवजी ४७ क्रमांकाचे दिवे बसवावेत अशी आम्ही शिफारस करतो. ४४ क्रमांकाचा दिवा पाव अँपिअर वीज घेतो, तर ४७ क्रमांकाचा ०.१५ अँपिअर, त्यामुळे उष्णता कमी होते आणि उजेडातील फरक फारसा लक्षात येत नाही.

यंत्र आमच्याकडे येईपर्यंत काय टाळावे

फळी ओल्या फडक्याने पुसू नये. लॅकरच्या चिरांमधून पाणी लाकडात शिरते, तंतू उभे राहतात आणि त्यांवरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. लॅकर थिनर तर फळीच्या जवळही नेऊ नये, कारण त्यात वरचे आवरण आणि त्याखालची छपाई दोन्ही विरघळतात. डाग घालवण्यासाठी मिळणारा पांढरा मेलामाइनचा स्पंज दिसायला निरुपद्रवी वाटतो, परंतु तो प्रत्यक्षात अतिशय बारीक पॉलिश पेपरचेच काम करतो; आम्ही तो स्वतः वापरतो, पण फळीवर लॅकर किती उरले आहे हे पाहिल्यानंतर आणि ठरावीक जागीच.

गाडीच्या डॅशबोर्डसाठी किंवा लाकडी फर्निचरसाठी मिळणारे चकाकी आणणारे द्रव्य लावून यंत्र आमच्याकडे पाठवले जाते, तेव्हा काम सर्वांत अवघड होते. अशा द्रव्यांत बहुधा सिलिकॉन असते. ते चिरांतून लाकडात उतरते आणि पुढे त्यावर कोणतेही आवरण फवारले की ते आवरण जागोजागी फाकून माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रे दिसू लागतात. असे काही पूर्वी लावले असल्यास ते कृपया संकोच न करता सांगावे. त्यावरून आमच्या कामाचा क्रम बदलतो.

फळीवर पारदर्शक मायलरचा, म्हणजे पातळ प्लॅस्टिकचा, पत्रा चिकटवलेला असेल तर तो ओढून काढण्याचा मोह टाळावा. मायलर सुटताना रंग आणि इन्सर्टवरची अक्षरे आपल्याबरोबर उचलून नेऊ शकते. तो नीट चिकटलेला असून त्याखाली घाण गेलेली नसेल तर आम्ही तो बहुधा तसाच ठेवतो.

कामाचा क्रम

सर्वप्रथम फळीची, सर्व भाग जागेवर असताना, बारकाईने छायाचित्रे घेतली जातात. त्यानंतर वरचे पोस्ट (फळीवर उभ्या बसवलेल्या खुंट्या), प्लॅस्टिकचे भाग, रबर रिंगा, बंपरच्या टोप्या आणि मार्गदर्शक पट्ट्या काढल्या जातात. केवळ सफाई व किरकोळ रंगकाम असल्यास खालची वायरिंग आम्ही उतरवत नाही, कारण जुने सोल्डर विनाकारण हलवण्यात लाभापेक्षा जोखीम अधिक असते.

सफाईसाठी नॅफ्था हे आमचे पहिले साधन आहे. त्याने जुने मेण आणि तेलकट थर निघतो, पण लाकूड ओले होत नाही. त्यानंतरही राहिलेल्या काळ्या पट्ट्यांवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मेलामाइन स्पंज यांचा हलक्या हाताने वापर केला जातो. फडक्यावर रंगाची पुसटशीही छटा आली की काम तेथेच थांबवले जाते. थोडा काळपटपणा उरलेला आम्हाला चालतो. ग्राहकांनीही तो चालवून घ्यावा अशी आमची विनंती आहे.

सैल इन्सर्ट उष्णता देऊन मऊ करून, जुना गोंद खरवडून आणि इपॉक्सीने पुन्हा पातळीत बसवले जातात. हे काम रंगकामाच्या आधी होणे आवश्यक आहे, कारण नंतर इन्सर्ट हलवला तर कडेचा नवा रंग तुटतो. उघड्या पडलेल्या लाकडातील राखाडी घाण शक्य तेवढी काढून, उभे राहिलेले तंतू बसवून, त्या जागेवर आधी पारदर्शक आवरणाचा एक पातळ थर दिला जातो. या थरामुळे नवा रंग लाकडात झिरपत नाही, आणि रंग जमला नाही तर मूळ छपाईला धक्का न लावता तो पुसून टाकता येतो. हे काम दुसऱ्या कोणाकडून करवून घेतले तरी हा थर दिला जाणार आहे का, हे अवश्य विचारावे.

रंग जुळवणे हा या कामातील सर्वांत वेळखाऊ भाग आहे, आणि त्याबद्दलचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. खालच्या बाजूच्या पत्र्याच्या पट्टीखाली किंवा एखाद्या पोस्टच्या बुडाखाली पाहिले तर मूळ रंग ताजा दिसतो, आणि तोच रंग सर्वत्र भरावा असे ग्राहकांना स्वाभाविकपणे वाटते. परंतु बाकीच्या फळीवर उजेडाने लाल आणि विशेषतः चमकदार नारिंगी रंग फिके पडलेले असतात, व लॅकर पिवळे पडल्यामुळे पांढरा भाग सायीच्या रंगाचा झालेला असतो. तेथे शुद्ध पांढरा रंग भरला तर तो ठिगळासारखा उठून दिसतो. म्हणून आम्ही आजूबाजूच्या आजच्या रंगाशी जुळवतो, कारखान्यातील रंगाशी नाही. ॲक्रिलिक रंग ओला असताना एक आणि वाळल्यावर किंचित गडद असा दुसराच दिसतो. शिवाय ट्यूबलाइटखाली जुळलेली छटा दिवसाच्या उजेडात वेगळी भासू शकते. त्यामुळे प्रत्येक छटा आधी वेगळ्या तुकड्यावर लावून, पूर्ण वाळवून, खिडकीच्या उजेडात आणि यंत्राच्या स्वतःच्या दिव्यांखाली अशी दोन्हीकडे पाहिली जाते. सपाट रंगाचे मोठे भाग एअरब्रशने, कडा झाकून, भरले जातात आणि काळ्या रेषा सर्वांत शेवटी ब्रशने ओढल्या जातात. काही नंतरच्या यंत्रांत छटा बारीक ठिपक्यांच्या छपाईने साधलेल्या असतात. त्या हाताने हुबेहूब उतरवता येत नाहीत, आणि अशा जागी दुरुस्ती जवळून पाहिल्यास ओळखू येईल, हे आम्ही अंदाजपत्रकातच लिहून देतो.

संपूर्ण क्लिअर कोट हवा का?

संपूर्ण फळीवर गाड्यांसाठी वापरतात तसा दोन घटकांचा पॉलियुरेथेन क्लिअर कोट फवारल्यास पृष्ठभाग काचेसारखा सपाट होतो, चेंडू वेगाने धावतो आणि नवा रंग दीर्घकाळ सुरक्षित राहतो. ज्या फळीवर रंगकाम बरेच झाले आहे व यंत्र नियमित खेळले जाणार आहे, तेथे आम्ही तो करतो. परंतु त्यासाठी फळी दोन्ही बाजूंनी मोकळी करावी लागते, म्हणजे वायरिंगचे सर्व काम अंगावर येते. आणि जुन्या यंत्राला मूळचा मंदपणा असतो तोही त्यात जातो. साधारणपणे साडेतीन अंशांच्या उतारावर खेळण्यासाठी बनवलेले साठच्या दशकातील यंत्र गुळगुळीत क्लिअर कोटवर वेगळ्याच स्वभावाचे होते. संग्रहासाठी ठेवलेल्या आणि रंग बऱ्यापैकी शाबूत असलेल्या यंत्राला हा कोट देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नाना पेठेत गाडीचा रंग व हार्डनर (कोट कडक करणारा त्याचा दुसरा घटक) सहज मिळतो आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये फळी फवारून घेणे स्वस्त पडते, हे आम्हाला ठाऊक आहे. तथापि या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासावाटे जाणे फुप्फुसांना घातक आहे, आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. हा प्रयोग घरी, गच्चीवर किंवा बंद पार्किंगमध्ये कदापि करू नये. हार्डनर हवेतील ओलाव्याशीही क्रिया करतो व आवरणात सूक्ष्म बुडबुडे धरतात. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात आम्ही फवारणीची कामे घेत नाही. कोट फवारल्यानंतर फळी पूर्ण कडक होण्यासाठी किमान तीन-चार आठवडे मोकळी ठेवावी लागते. घाईने पोस्ट आवळले तर त्यांच्या बुडाशी मऊ आवरण सरकून त्याच्या घड्या पडतात.

फळीचा रंग निम्म्याहून अधिक गेला असेल आणि त्या यंत्राची नवी छापील फळी परदेशात मिळत असेल, तर ती मागवणे शहाणपणाचे ठरते, जरी सर्व वायरिंग नव्या फळीवर हलवण्याचा खर्च मोठा असला तरी. अशा वेळी जुनी फळी टाकून देऊ नये. आम्ही ती बांधून परत देतो. चित्र छापलेला विनाइलचा पत्रा फळीवर चिकटवण्याचे काम मात्र आम्ही करत नाही. त्याची कड चेंडूच्या माराने उचलली जाते आणि तो काढताना उरलासुरला मूळ रंगही निघून येतो.

यंत्र पाठवताना आणि परत नेल्यावर

टेम्पो बोलावण्यापूर्वी चेंडू बाहेर काढावेत, काच सरकवून वेगळी गुंडाळावी आणि स्कोअर दाखवणारी वरची पेटी आडवी करून बांधावी. वाड्यातील अरुंद जिना असल्यास आम्हाला आधी कळवावे, म्हणजे ती पेटी जागेवरच उतरवण्यासाठी माणूस पाठवता येईल. यंत्र पाहिल्यानंतर लेखी अंदाजपत्रक दिले जाते, व आपली लेखी संमती आल्याशिवाय कोणत्याही जागी नवा रंग लावला जात नाही.

काम पूर्ण झाल्यावर फळीवर कार्नोबा मेणाचा पातळ थर देऊनच यंत्र सुपूर्द केले जाते. पुढे दर काही महिन्यांनी, किंवा रोज खेळ होत असल्यास त्याहून लवकर, कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसून तेच मेण पुन्हा लावावे. मेणाच्या डब्यावर सिलिकॉनचा उल्लेख असल्यास तो घेऊ नये. चेंडू नखाने चाचपून पाहावा आणि खरखर लागली की बदलावा. पावसाळ्यात यंत्र भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवावे, आणि खिडकीतून थेट ऊन पडत असल्यास काचेवर जाड कापड टाकावे.