बाप्तिस्म्याने नाव बदलावे लागते का?

बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली की जुने नाव टाकावे लागते आणि नात्यागोत्याशी संबंध तोडावा लागतो, हा समज यवतमाळ-बुलढाण्याकडील खेड्यांत आजही ऐकू येतो; तो चुकीचा आहे. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने होणाऱ्या या विधीत नवे नाव घेण्याची अट नाही. कॅथलिक चर्चचा १९८३चा कायदाही संताचे नाव सक्तीचे करत नाही, नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे एवढेच सांगतो. नागपुरात काही काळ राहिलेले कवी नारायण वामन टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेऊनही त्याच नावाने ओळखले गेले.

खरा बदल वागण्यात अपेक्षित असतो, आणि दुर्दैवाने त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे व नव्या जीवनात चालणे, असे म्हटले आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ मध्ये हे मरणे व उठणे रोजचे असल्याचे शिकवले. म्हणूनच विधी आयुष्यात एकदाच होत असला, तरी कापूस मोजताना काटा खरा ठेवणे, वेचणाऱ्या बायांची मजुरी न अडवणे आणि शेताच्या धुऱ्याच्या (बांधाच्या) भांडणात आधी क्षमा मागणे, हे सारे त्या बाप्तिस्म्याचेच पालन ठरते.